चढावर चाक का घसरते? बोरघाटाची जुनी गोष्ट आणि आपली ट्रॉली



सुगीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. ट्रॅक्टर चांगला पंचेचाळीस अश्वशक्तीचा, टायर बरे, चालवणारा जाणता. तरीसुद्धा भरलेली ट्रॉली घेऊन शेतातून रस्त्याच्या भरावावर चढायची वेळ आली, की मागची चाके जागच्या जागी गरागरा फिरतात, चिखल उडतो आणि ट्रॉली पुढे सरकायच्या ऐवजी मागे यायला बघते. मग चारचौघे जमतात आणि म्हणतात, "इंजिन कमी पडतंय."

इंजिन कमी पडत नाही. ते कमी पडले असते तर घरघरून बंद पडले असते. चाक फिरते आहे, याचा अर्थ ताकद चाकापर्यंत पोचली आहे. पण ती जमिनीला लागत नाही. चाक आणि जमीन यांच्यामध्ये जी पकड हवी ती सुटली आहे. हा फरक ज्याला नीट कळला, त्याचा मोठा ट्रॅक्टर घेण्याचा खर्च वाचतो. पुष्कळदा जीवही वाचतो, कारण भरल्या ट्रॉलीसह चढावर अडकलेला ट्रॅक्टर ही शेतावरची सर्वांत धोक्याची जागा आहे. त्याबद्दल पुढे सांगतोच.

पकडीचा हा प्रश्न ट्रॅक्टरबरोबर आलेला नाही, तो फार जुना आहे. आणि तो कसा कसा सुटत गेला हे बघायला आपल्याला लांब जायचे कारण नाही. ताथवडे, पुनावळे, मारुंजी या पट्ट्यातल्या मंडळींना बोरघाट म्हणजे पन्नासेक किलोमीटरची वाट. देहूरोडला जुन्या मुंबई रस्त्याला लागले की वडगाव, लोणावळा, खंडाळा. या एका घाटात आधी बैलाच्या खुराने, मग लोखंडी चाकाने आणि शेवटी रबरी टायरने चढ कसा जिंकला, ते पाहिले म्हणजे आपल्या ट्रॉलीचे उत्तर त्यातच सापडते.

खूर ओढतो, चाक नुसते वाहते

बोरघाट ही पुरातन वाट. घाटमाथ्याजवळची कार्ल्याची आणि भाज्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराची साक्ष देतात. पण एकोणिसाव्या शतकापर्यंत या घाटाने बहुतेक माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे कोकणातले मीठ वर आणीत आणि देशावरचे धान्य खाली नेत. उभ्या चढावर बैल चढतो कसा, हे कधी बारकाईने पाहिले आहे का? बैलाचा खूर दोन भागांत दुभंगलेला असतो. पाय टेकला की ते दोन भाग फाकतात, माती चिमटीत धरतात आणि त्या आधारावर बैल अंग पुढे रेटतो. कच्च्या वाटेवर यासारखी पकड दुसरी नाही. कठीण दगडावर मात्र हाच खूर घसरतो आणि झिजतो, म्हणून आपण बैलाला पत्री मारून घेत आलो.

आता बैलगाडी घ्या. तिच्या चाकाला लोखंडी धाव बसवलेली असते, गुळगुळीत. तिला पकड अशी काहीच नाही, आणि लागतही नाही. कारण गाडीचे चाक नुसते वाहते. ओढण्याचे काम खुराचे. बैलगाडीचे चाक चढावर जागच्या जागी फिरले, असे कोणी कधी पाहिले नसेल. ते फिरणार तरी कशाने?

पण जुन्या गाडीवानाला पकडीचे गणित ठाऊक होते, शब्द वेगळे असतील एवढेच. गाडी चढाला लागली की ओझे मागे कलते आणि गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, बैलांचा गळा आवळतो, आणि मानेवरचा भार गेल्यामुळे खूरही जमिनीत नीट बसत नाही. म्हणून चढ येण्याआधीच दोन पोती पुढे सरकवायची, गाडी जरा धुरेला जड ठेवायची. चढ फारच उभा असला तर जादा जोडी पुढे जुंपायची. आणि गाडी थांबली की लगेच चाकामागे दगड लावायचा. वजन ओढणाऱ्याच्या पायावर आणणे, मदतीला दुसरी जोडी घेणे, मागे येऊ न देणे. या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवा. यांची गाठ पुढे दर टप्प्यावर पडणार आहे.

१८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, बोरघाटातून चाकाच्या गाड्यांना नीट जाता येईल असा रस्ता खुला झाला. या रस्त्याने डोंगर काही बुटका केला नाही. उंची तेवढीच राहिली. रस्ता वळणे घेत घेत लांबवला, एवढेच. चढ कमी करायचा तर वाट लांब करायची, ही घाटरस्त्याची पहिली विद्या.

तीच विद्या तुमच्या बांधावर लावून बघा. रस्ते भराव घालून उंच झाले आणि शेत खाली राहिले, अशी आज पुष्कळ ठिकाणी अवस्था आहे. ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. ज्यांची शेते अशा शहरी पट्ट्यात उरली आहेत त्यांना हा त्रास जास्त. समजा, रस्ता शेतापेक्षा सहा फूट उंच आहे. तीस फुटांत चढलात तर दर पाच फुटांना एक फूट उंची, म्हणजे भिंतच. साठ फुटांत चढलात तर दहाला एक. नव्वद फुटांत चढलात तर पंधराला एक, आणि भरलेली ट्रॉली सुखाने वर जाईल. म्हणून चढणीचा रस्ता भरावाला सरळ टेकवू नका, तिरका लांबवा. फक्त त्याची रुंदी आडवी सपाट ठेवा, एका अंगाला कलती नको. नाहीतर घसरण्याच्या जागी उलटणे पदरात पडेल. आणि सार्वजनिक रस्त्याला जोड देण्यापूर्वी ज्यांचा रस्ता आहे त्यांची परवानगी घ्या.

लोखंडावर लोखंड

पुढे रेल्वे आली. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ १८५८ सालीच टाकून झाले होते. खालून मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येत होती. मध्ये घाट. तेवढा टप्पा उतारूंनी पालखीतून, तट्टावर नाहीतर गाडीतून पार करायचा आणि पुन्हा आगगाडीत बसायचे. घाटातली लोहमार्गाची वाट १८६३ सालच्या एप्रिलमध्ये खुली झाली. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १८०० फुटांहून जास्त उंची, २५ बोगदे, आणि कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. त्यांतले कितीतरी पटकीने आणि तापाने घाटातच गेले. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. पुढे हे कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने चालवले. घाटातून जाताना या लोकांची आठवण ठेवायला हरकत नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने इथे मोठी क्रांती झाली. ओढणारा खूर गेला. चाकच ओढू लागले. आणि तेही कसे? लोखंडी चाक लोखंडी रुळावर, दोन्ही गुळगुळीत. रुळावर गाडी हलकी चालते हे खरे. सपाटीवर एक टन वजन ओढायला जेमतेम पाच किलोचा जोर पुरतो. पण चढावर? बोरघाटातला सर्वांत उभा चढ ३७ फुटांत एक फूट असा आहे. बैलगाडीला हा चढ वाटणारही नाही. रेल्वेला मात्र तिथे प्रत्येक टनामागे आणखी २७ किलो जोर लागतो; म्हणजे सपाटीच्या सहापटीहून जास्त. आणि तेवढा जोर लावायला चाकाची पकड पुरली नाही की चाक रुळावर जागीच फिरते. तुमच्या ट्रॅक्टरसारखेच!

यावर रेल्वेने काय उपाय केले ते पाहा. घाटासाठी खास इंजिने आणली. त्यांत पाणी वेगळ्या डब्यात न ठेवता इंजिनाच्या पाठीवरच टाकीत ठेवलेले असे. का? तर त्या पाण्याचे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडावे म्हणून. गाडी धुरेला जड ठेवण्याचाच हा प्रकार. चाकांपुढे रुळावर कोरडी वाळू सोडण्यासाठी इंजिनावर वाळूच्या पेट्या बसवल्या. पावसात रूळ ओला झाला की चिमूटभर वाळू मोठे काम करते. आणि जादा जोडी? तीही आली. गाडीच्या मागे आणखी इंजिने लावून ढकलायची पद्धत पडली. त्यांना बँकर म्हणतात. कर्जतला थांबून मागे इंजिने लावली जातात, हे पुण्या-मुंबईचा प्रवास केलेल्यांनी पाहिलेच असेल.

१९२९-३० च्या सुमारास या मार्गावर विजेची इंजिने आली. मालगाड्यांची जी इंजिने होती त्यांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणत. त्यांची एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. त्यांच्या एका गाड्यावरची सगळी चाके बाहेरून दांड्यांनी एकमेकांना जोडलेली होती. एकट्या चाकाला घसरायची सोयच नव्हती. घसरायचे तर सगळ्यांनी मिळून. त्यामुळे एका चाकाखाली रूळ ओला असला तरी बाकीची चाके भार घेत.

ट्रॅक्टरमध्ये याच्या बरोबर उलटी व्यवस्था असते. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर चालते आणि आतले कमी, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणारी यंत्ररचना मागच्या धुऱ्यात असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने ती १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी काढली. वळणावर ती वरदान आहे, चिखलात मात्र शाप. जुवाच्या एका अंगाचा बैल घसरला, की दुसऱ्याची सगळी ताकद जू तिरके करण्यात जाते आणि गाडी जागेवरच राहते. तसेच इथे होते. एक चाक चिखलात फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे असते. म्हणून ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचे पेडल दिलेले असते. ते दाबले की दोन्ही चाके खेकड्याच्या चाकांसारखी एकत्र बांधली जातात. चाक जोरात फिरत असताना ते दाबू नका, दात तुटतील. आधी चाक थांबवा, मग लॉक लावा, सरळ रेषेत बाहेर निघा आणि लगेच सोडा. लॉक लावून वळायचे नाही. कितीतरी ट्रॅक्टरांवर हे पेडल वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजून बसलेले असते. आज घरी गेल्यावर आपले तेवढे बघा.

रबर आले

हवेचे टायर पहिल्यांदा १८४५ साली रॉबर्ट थॉमसनने काढले, पण ते चालले नाहीत. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी पुन्हा काढले आणि मग जगभर झाले. हा डनलॉप गुरांचा डॉक्टर होता, हे आपल्या मंडळींना ऐकायला बरे वाटेल. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना काढला. पुढे रबरी टायरच्या बैलगाडीला 'डनलॉप गाडी' हेच नाव पडले.

टायरगाडीने बैलांचे श्रम कमी झाले यात शंका नाही. सपाट डांबरी रस्त्यावर ती लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा खूपच हलकी चालते. पण इथेच एक फसगत झाली. हलकी चालते म्हणून आपण ओझे वाढवत गेलो. रबराने वाहण्याचा त्रास कमी केला. चढाचा भार मात्र एका छटाकानेही कमी केला नाही. दोन टन ओझे दहाला एक अशा चढावर न्यायचे तर दोनशे किलोचा जोर लागणारच, चाक कसलेही असो. तो बैलांच्या खुरांतून आणि मानेतून येतो. १९६५ साली केंद्र सरकारने ओढीच्या जनावरांसाठी जे नियम केले, त्यांत ही गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: चढ एक किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल आणि तीस मीटरला तीन मीटरपेक्षा उभा असेल, तर सपाटीला ठरवून दिलेल्या ओझ्याच्या निम्मेच ओझे भरायचे. ऊस वाहणाऱ्या गाडीवानांनी हा नियम माहीत करून घ्यावा. गाडी भरून देणाऱ्यांनी तर अधिकच.

रबराची दुसरी गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या परिसरातलीच. आपण आज कोणत्याही छोट्या मालगाडीला सर्रास 'टेम्पो' म्हणतो. हे मूळ एका जर्मन कंपनीचे नाव. तिच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी मालगाडी आपल्याकडे बनवली, आणि पुढे आकुर्डीच्या कारखान्याशी ती कायमची जोडली गेली. स्वस्त, दणकट, गल्लीबोळात शिरणारी. भाजीपाला, दूध, कोंबड्या, लग्नाचे वऱ्हाड, काय नाही वाहिले तिने! पण तिची रचना ध्यानात घ्या. इंजिन पुढच्या एकुलत्या एका चाकावर आणि ओढही त्याच चाकाला. सपाटीला हे छान, इंजिनाचे वजन ओढणाऱ्या चाकावर. पण माल मागे भरून चढाला लागले, की वजन मागच्या दोन चाकांकडे जाते आणि ओढणारे पुढचे चाक हलके होते. जुन्या भाषेत सांगायचे तर गाडी उलाळ. अशा गाडीत जड माल केबिनला टेकवून आणि हलका माल मागे ठेवणे, हाच त्यावरचा उतारा. ज्या आजच्या गाड्यांना पुढच्या चाकांची ओढ असते, त्यांनाही हे लागू आहे.

ट्रॅक्टरची गोष्ट उलटी. त्याची ओढ मागे आणि चढावर वजनही मागेच येते, म्हणून पकडीला ते अनुकूल. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके असत, त्यांवर लोखंडी दाते. मावळात भाताच्या चिखलणीला आपण आजही लोखंडी जाळीची चाके लावतो, ती त्याच जातीची. रस्त्यावर मात्र ती चालत नाहीत आणि रस्ताही ठेवत नाहीत. अमेरिकेत १९३२ साली एका ट्रॅक्टर कंपनीने विमानाचे टायर, त्यांत अगदी कमी हवा ठेवून, ट्रॅक्टरला बसवून पाहिले. शेतकऱ्यांचा विश्वास बसेना. रबर मातीत काय धरणार? मग लोकांना पटवण्यासाठी जत्रांतून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ मध्ये एका शर्यतपटूने रबरी टायरचा ट्रॅक्टर ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवला. (आपण असला उद्योग करू नये.) थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली.

त्या प्रयोगातली खरी शिकवण वेगाची नव्हती, हवेची होती. हवा कमी असली की टायर पसरतो, जास्त जमीन धरतो. म्हणून शेतात कंपनीने सांगितलेली कमी हवा आणि रस्त्यावर भरल्या ट्रॉलीला सांगितलेली जास्त हवा, असे दोन आकडे असतात. पुस्तिकेत बघून ते भिंतीवर लिहून ठेवा. रस्त्यावर चाक घसरते म्हणून हवा सोडू नका. ओझ्याखाली टायर दबून गाडी डोलते. मागच्या टायरवरचे रबराचे उंचवटे टोकदार जोडीने बसवलेले असतात. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिले तर त्यांचे टोक आभाळाकडे हवे. टायर बदलताना उलटे बसले तर चिखल बाहेर फेकला जायच्या ऐवजी आत साठतो. असे उलटे टायर रस्त्याने जाताना आजही दिसतात.

आणि वजन. मागच्या टायरमध्ये वॉल्व वरच्या बाजूला आणून पाऊण भाग पाणी भरतात, वर हवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, थेट ओढणाऱ्या चाकावर. थंड मुलखात पाणी गोठते म्हणून त्यात क्षार मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही. बोरघाटातल्या इंजिनाने पाठीवर वागवलेले पाणी ते हेच.

आपला हिशेब

आता पाटीवर मांडू या. आकडे अंदाजाचे आहेत, पण कामाला पुरतील. ट्रॅक्टर दोन टनांचा, ट्रॉली मालासह पाच टनांची, एकूण सात. चढ दहाला एक. चढासाठी सातशे किलो जोर लागला. डांबरी रस्त्यावर टायर फिरवण्याचा आणखी दीडशे धरा. झाले साडेआठशे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर चढावर साधारण चौदाशे किलो वजन येते. कोरड्या डांबरावर त्याच्या दहा आण्यांहून जास्त, म्हणजे सुमारे साडेनऊशे किलोची पकड मिळते. गाडी चढते. पाऊस पडला, पकड वजनाच्या निम्म्यावर, सातशेवर आली. घसरली! इंजिन तेच, चालवणारा तोच. पहिल्या सरीला तर धूळ आणि तेल मिसळून डांबर अधिकच निसरडे होते.

आता १९६५ चा बैलांचा नियम ट्रॅक्टरला लावा. ट्रॉली निम्मी, अडीच टन. एकूण साडेचार. जोर लागतो साडेपाचशेच्या आत. ओल्या डांबरावरही गाडी चढून जाते. दोन खेपा झाल्या खऱ्या, पण दोन्ही घरी पोचल्या.

आणि ओल्या काळ्या मातीचा चढ? तिथे पकड चारशेच्या आसपास उरते आणि चाक रुतल्यामुळे वाहण्याचाच त्रास दुप्पट-चौपट होतो. हिशेब केला तर रिकामी ट्रॉलीसुद्धा जात नाही. नुसता ट्रॅक्टर कसाबसा निघतो. तिथे डोके चालवायचे ते भरण्यापूर्वी. ट्रॉली वरच्या रस्त्यावर उभी करा आणि माल माणसांनी वर आणा, किंवा मुरूम टाकून वाट बांधा, किंवा दोन दिवस वाफसा येऊ द्या.

चढावर अडकलात तर

चढाला लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका, मध्ये बदलू नका. दोन्ही ब्रेक पेडले एकत्र जोडलेली आहेत ना, ते पाहा. समोरून उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा रस्त्याचा नियम आहे. १९८९ च्या नियमांत तो होता आणि २०१७ च्या नव्या नियमावलीतही आहे. कारण साधे आहे: चालत्या गाडीला जेवढी पकड लागते त्यापेक्षा थांबलेली गाडी चढावर उचलायला जास्त लागते.

चाक फिरू लागले की अ‍ॅक्सिलरेटर सोडा. जास्त फिरवाल तर खड्डा खोल होईल, दुसरे काही होणार नाही. ब्रेक लावा, जोडीदाराला ट्रॉलीच्या चाकामागे बाजूने दगड लावायला सांगा. मागे कोणीही उभे राहायचे नाही. चाकापुढे मुरूम किंवा बारीक खडी टाका, ही आपली वाळूची पेटी. पाचट टाकू नका, ओले पाचट तेलासारखे सरकते. तरीही निघाले नाही तर माल उतरवा, किंवा दुसरा ट्रॅक्टर पुढे जुंपा.

आता तो धोका. चाकाला ओंडका किंवा पहार बांधून ते अडवायचे आणि क्लच झटक्यात सोडायचा, असा एक गावठी उपाय सांगतात. तो करू नका. चाक अडले आणि इंजिनाची ताकद तर कुठेतरी जाणारच. मग चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच चाकाभोवती फिरते. पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर मागे उलटतो. याला दोन सेकंदही लागत नाहीत, उडी मारायला वेळ मिळत नाही. साखळी टॉपलिंकला किंवा धुऱ्याच्या वर कुठेही बांधून ओढले तरी हेच होते. ओढ नेहमी खालच्या ड्रॉबारलाच हवी. जुन्या गाडीवानाला उलाळ झालेली गाडी बैलांचा गळा आवळते हे माहीत होते. ट्रॅक्टर उलाळ झाला तर गळा आपला असतो.

शेवटी एक चाचणी सांगतो, खर्च काहीच नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करा. ट्रॅक्टर रिकामा चालवून चाकाचे दहा फेरे मोजा आणि जमिनीवर अंतर मापा. मग तेच अवजार किंवा भरलेली ट्रॉली लावून त्याच जमिनीवर पुन्हा दहा फेरे मोजा. आधी शंभर फूट आले आणि आता नव्वद ते पंच्याऐंशी आले, तर घसरण दहा ते पंधरा टक्के. शेतातल्या कामाला ती ठीक. सत्तर आले तर डिझेलचा जवळजवळ तिसरा हिस्सा आणि टायरचे रबर तुम्ही मातीत घालता आहात. मग वजन वाढवा, ओझे कमी करा, किंवा टायरची नक्षी किती उरली आहे ते बघा. ही चाचणी सपाट जागेवर करा, एकाने चालवायचे आणि दुसऱ्याने बाजूने चालत फेरे मोजायचे. मोजणाऱ्याने चाक आणि ट्रॉली यांच्यामध्ये जायचे नाही.